लेडन जारमध्ये वीज नेमकी साठते कुठे? पाण्यात, काचेत की पत्र्यात?

सावनी

लेडन जार म्हणजे काचेची बरणी. आतून आणि बाहेरून साधारण पाऊण उंचीपर्यंत धातूचा पातळ पत्रा चिकटवलेला, बुचातून आत गेलेली पितळी दांडी, दांडीच्या वरच्या टोकाला गोळा आणि खालून आतल्या पत्र्याला टेकणारी साखळी. जुन्या शाळांच्या प्रयोगशाळेत कपाटाच्या वरच्या फळीवर ही बरणी अजूनही सापडते. विमशर्स्ट यंत्राला (तबकड्या हाताने फिरवून वीज तयार करणारं यंत्र) दोन बाजूंना ज्या उभ्या बरण्या असतात, त्याही याच.

वीज साठवणारं हे पहिलं उपकरण. पण वीज यात साठते कुठे, याची तीन वेगवेगळी उत्तरं मला सापडली आहेत.

पहिलं उत्तर १७४५-४६ चं. वीज हा एक अदृश्य द्रव आहे, मग तो बाटलीतल्या पाण्यात भरून ठेवता यायला हवा, अशी तेव्हाची समजूत. म्हणून सुरुवातीच्या बाटल्यांमध्ये पाणीच असायचं.

दुसरं उत्तर बेंजामिन फ्रँकलिनचं, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी दिलेलं. त्याने भारलेली बाटली काचेवर ठेवली, बूच आणि तार काढली आणि आतलं पाणी दुसऱ्या रिकाम्या बाटलीत ओतलं. त्या दुसऱ्या बाटलीतून धक्का बसेना. मग मूळ बाटलीत त्याने किटलीतलं ताजं पाणी ओतलं, आणि तिने मात्र सणसणीत धक्का दिला. त्याचा निष्कर्ष: वीज पाण्यात नाही, काचेत आहे.

तिसरं उत्तर आजच्या पाठ्यपुस्तकाचं. प्रभार दोन धातूंच्या पृष्ठभागांवर असतो, काच फक्त मधला विद्युतरोधक.

मला फ्रँकलिनचा प्रयोग फार पटतो. इतक्या साध्या, नेटक्या प्रयोगाला पुस्तक एका ओळीत बाद कसं करतं? ज्यांनी जार हाताळला आहे त्यांनी जरूर लिहा. नुसती व्याख्या नको.

---

पिंपळपान

मस्त विषय. वाचतोय.

एक बाळबोध शंका: त्या पहिल्या बाटल्यांना बाहेरून पत्रा नव्हता असं वाचलंय. मग त्या चालल्या कशा?

---

भौतिकवेडा

पिंपळपान, शंका बाळबोध अजिबात नाही. सगळा शोध त्या एका गोष्टीवर उभा आहे. बाहेरच्या पत्र्याचं काम माणसाच्या हाताने केलं.

हॉलंडमधल्या लायडनचा (लेडन हे त्याच गावाचं नाव) प्राध्यापक पीटर मुसेनब्रुक, त्याची मांडणी अशी होती. रेशमाच्या दोऱ्यांनी आडवी टांगलेली लोखंडी बंदुकीची नळी. तिच्या एका टोकाशी काचेचा गोल, तो गरागरा फिरवायचा आणि त्यावर कोरडे तळहात दाबून धरायचे. घर्षणाने काच भारली जाते, काचेवरून प्रभार नळीवर येतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला पितळी तार, ती पाणी भरलेल्या काचेच्या भांड्यात सोडलेली.

तेव्हाचा पक्का नियम असा, की जे भारायचं ते जमिनीपासून तोडून ठेवायचं: राळ, मेण, काच, रेशीम यांवर. द्यू फे या फ्रेंच संशोधकाने घालून दिलेला. जाणकार माणूस भांडं हातात धरणारच नाही, कारण हातातून वीज जमिनीत जाणार हे त्याला 'माहीत' असतं. आंद्रेआस क्युनेउस हा पेशाने वकील, मुसेनब्रुकच्या प्रयोगशाळेत हौसेने येणारा. त्याने घरी हा प्रयोग करताना भांडं सरळ हातात धरलं, आणि दुसऱ्या हाताने तारेला हात लावला.

जबरदस्त धक्का बसला. मुसेनब्रुकने मग स्वतः करून पाहिलं आणि जानेवारी १७४६ मध्ये पॅरिसला रेओम्युर या शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं, की अख्खं फ्रान्सचं राज्य दिलं तरी हा धक्का पुन्हा घेणार नाही.

आता कारण. आत एका प्रकारचा प्रभार आला की तो काचेपलीकडच्या हातावर विरुद्ध प्रभार खेचतो आणि सजातीय प्रभाराला दूर लोटतो. तो अंगातून, पायांतून जमिनीत निघून जातो. बाहेरचा विरुद्ध प्रभार आतल्याला धरून ठेवतो, म्हणून आत आणखी मावतो. तेच भांडं राळेवर ठेवलं तर बाहेरच्या प्रभाराला जायला वाट नाही, आणि भांड्यात मावणारा प्रभार एकदम तुटपुंजा राहतो. सगळे तज्ज्ञ नियम पाळत राहिले असते तर हा शोध आणखी किती वर्षं रखडला असता कोण जाणे.

---

अपर्णा_नगर

भौतिकवेडा, तपशील सुंदर. पण क्लाइस्टचं नाव कुठेच नाही?

एवाल्ड फॉन क्लाइस्ट, पोमेरेनियातल्या कामिन गावच्या कॅथेड्रलचा डीन. (ते गाव आज पोलंडमध्ये आहे.) त्याने ११ ऑक्टोबर १७४५ ला औषधाच्या छोट्या बाटलीत खिळा घातला, बाटली हातात धरून खिळा भारला, आणि खिळ्याला बोट लावताच हात आणि खांदा बधिर झाला. म्हणजे लायडनच्या आधी. बाटलीत थोडा पारा किंवा स्पिरिट असलं की परिणाम वाढतो, हेही त्याने नोंदवलं होतं.

मग नाव लायडनचं का? पॅरिसला आलेलं मुसेनब्रुकचं पत्र आबे नोले या फ्रेंच पाद्री-संशोधकाने लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणलं आणि उपकरणाला 'लायडनची बाटली' हे नाव त्यानेच रूढ केलं. मोठ्या विद्यापीठातल्या नामवंत प्राध्यापकाचं पत्र युरोपभर वाचलं गेलं. लहान गावातल्या पाद्र्याने लिहिलेली पत्रं मागे पडली. मला हा सरळ अन्याय वाटतो.

---

शंकासुर

अपर्णाताई, अन्याय म्हणायला मी तयार नाही. क्लाइस्टने बर्लिन, हाले, डान्झिग अशा ठिकाणी पत्रं लिहिली होती, लपवून ठेवलं नव्हतं. पण त्याचं वर्णन वाचून बऱ्याच जणांना प्रयोग जमलाच नाही. बाटली हातातच धरायची आणि ठिणगीही त्याच माणसाने काढायची, हा कळीचा मुद्दा त्यातून नीट पोचत नव्हता. डान्झिगच्या डॅनियल ग्रालाथला बऱ्याच पत्रव्यवहारानंतर जमलं. मुसेनब्रुकचं पत्र वाचून मात्र कुणालाही करता आलं. दुसऱ्याला करता येईल असं लिहिणं हा शोधाचाच भाग आहे.

ग्रालाथचं नाव मात्र घ्यायलाच हवं. अनेक बाटल्या एकत्र जोडून धक्का वाढवणारा पहिला माणूस तो. १७४६ मधलीच गोष्ट.

---

अपर्णा_नगर

शंकासुर, लिहिण्याचा मुद्दा मान्य, श्रेयाचा नाही. जर्मन पुस्तकांत आजही 'क्लाइस्टची बाटली' म्हणतात. निदान आपल्या शाळेतल्या फळ्यावर दोन्ही नावं यावीत, एवढंच म्हणणं.

---

मिहिर_डेल्फ्ट

मी नेदरलँड्समध्येच राहतो, लायडन इथून ट्रेनने अगदी जवळ. तिथल्या बूरहाव्हे संग्रहालयात मुसेनब्रुक घराण्याच्या कारखान्यात बनलेली उपकरणं ठेवली आहेत. पीटरचा भाऊ यान हा उपकरणं बनवणारा नावाजलेला कारागीर होता. हातपंप, भिंगं, तराजू, सगळं पितळेचं काम पाहत राहावं असं. प्राध्यापकाला जे हवं ते घरातच घडवून मिळायचं. लायडनमध्ये हे सगळं का घडलं, याचं अर्धं उत्तर त्या कपाटांसमोर उभं राहिलं की मिळतं.

पण खरा थक्क झालो तो हार्लेमच्या टायलर्स संग्रहालयात. मार्टिनस फान मारुम या शास्त्रज्ञासाठी जॉन कथबर्टसन या कारागिराने १७८४ मध्ये बनवलेलं घर्षणयंत्र (काच घासून वीज तयार करणारं) तिथे आहे. काचेच्या दोन तबकड्या, प्रत्येकीचा व्यास सुमारे १.६५ मीटर, माझ्या उंचीएवढी. फिरवायला एकापेक्षा जास्त माणसं लागत. ठिणगी निघायची सुमारे ६० सेंमी लांब. शेजारी पेट्यांमध्ये ओळीने मांडलेल्या लेडन बरण्या. मुसेनब्रुकच्या एका भांड्यापासून चाळीस वर्षांत मंडळी शंभराहून जास्त बरण्या एकत्र जोडण्यापर्यंत पोचली होती. फान मारुम त्या बॅटरीने धातूच्या तारा वितळवून दाखवायचा.

'बॅटरी' हा शब्द विजेसाठी फ्रँकलिनने याच बरण्यांच्या संचाला वापरला. मूळ अर्थ तोफांची रांग.

---

पिंपळपान

त्या पाद्र्यांच्या रांगेबद्दल कुणी सांगेल का? इतकंच वाचलंय की राजासमोर लोकांना उडवलं.

---

अपर्णा_नगर

तोच तो नोले! १७४६ मध्ये व्हर्सायला पंधराव्या लुईसमोर १८० शिपाई एकमेकांचे हात धरून उभे केले. एका टोकाच्या हातात बाटली, दुसऱ्या टोकाच्या माणसाने दांडीला बोट लावलं, आणि अख्खी रांग एका क्षणी उडाली. नंतर पॅरिसच्या कार्थुसियन मठात सुमारे २०० भिक्षू, मधे लोखंडी तारा धरून, भली लांबलचक रांग. तेही सगळे एकदम उडाले. मौनव्रत पाळणारी मंडळी होती ती. त्या क्षणी ते कितपत पाळलं गेलं असेल याची कल्पनाच करावी. :)

गंमत बाजूला ठेवू, पण यात एक खराखुरा वैज्ञानिक प्रश्न होता: वीज जाते किती वेगाने? एवढ्या लांब रांगेत पहिला आणि शेवटचा एकाच वेळी उडाला, म्हणजे वेळ मोजण्यासारखा नाहीच. लंडनमध्ये विल्यम वॉटसनने १७४७ मध्ये वेस्टमिन्स्टर पुलावरून तार नेऊन थेम्सपलीकडे धक्का पोचवला, तोही याच प्रश्नासाठी.

---

शंकासुर

याच मालिकेतला माझा सगळ्यात आवडता किस्सा सिगो द ला फाँ या फ्रेंच संशोधकाचा. त्याने साठ माणसांची साखळी केली आणि धक्का सहाव्या माणसापाशीच थांबला! पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. लगेच कुजबुज सुरू झाली की या माणसात 'पुरुषत्वाची' काहीतरी कमतरता असणार, म्हणून वीज अडते. गोष्ट इतकी पसरली की राजाच्या पदरी असलेल्या, लहानपणीच खच्ची केलेल्या गायकांना आणून साखळीत उभं केलं. ते तिघंही इतरांसारखेच उडाले. शेवटी उत्तर निघालं ते जमिनीत: ती ओलसर होती, आणि वीज पुढच्या माणसाकडे न जाता पायातून खाली जात होती.

अफवा खोटी पाडायला त्याने वाद न घालता प्रयोग केला, हे मला फार मोलाचं वाटतं.

---

टीव्हीवाले_काका

मंडळी, लेडन जार मी आयुष्यभर हाताळलाय, फक्त त्याला आम्ही पिक्चर ट्यूब म्हणायचो.

जुन्या डब्ब्या टीव्हीची ट्यूब आठवा. मागच्या नरसाळ्यासारख्या भागाला आतून काळा ग्रॅफाइटचा लेप आणि बाहेरूनही तसाच काळा लेप. मधे काच. बाहेरच्या लेपावर जाळीदार तार आवळलेली असते, ती चासीला म्हणजे अर्थला. आतल्या लेपाला वरून रबरी टोपीखालच्या अ‍ॅनोडमधून रंगीत टीव्हीत साधारण २५,००० व्होल्ट जातात. आत पत्रा, बाहेर पत्रा, मधे काच. सावनीताईंनी धाग्याच्या सुरुवातीला जे वर्णन केलंय ते तंतोतंत हेच.

म्हणून टीव्ही बंद करून, प्लग काढून, दुसऱ्या दिवशी उघडला तरी टोपीखाली बोट गेलं की झटका. नवीन पोरगा दुकानात आला की पहिला धडा हाच: लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, दांडीला वायर गुंडाळून दुसरं टोक बाहेरच्या जाळीला क्रोकोडाइल क्लिपने लावायचं, एक हात खिशात ठेवायचा आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक टोपीखाली सरकवायचं. 'टक्' असा आवाज येतो, निळी ठिणगी पडते.

पण तेवढ्यावर थांबायचं नाही. पाच-दहा मिनिटांनी परत टेकवायचं. परत लहानसा 'टक्' येतो! पहिल्यांदा सगळी वीज काढली तरी थोडी पुन्हा वर येते. हे का होतं ते धाग्यातल्या शिकलेल्यांनी सांगावं. माझ्या अनुभवावरून मी सावनीताईंच्या बाजूने. काचेत काहीतरी मुरतं.

---

सावनी

काका, हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे. पिक्चर ट्यूबचा आणि लेडन जारचा संबंध मला कुठल्याच पुस्तकात दिसला नव्हता. आणि तुमचा तो दुसरा 'टक्' मला फार महत्त्वाचा वाटतोय. भौतिकवेडा, उत्तर द्या.

---

नाखवा

काकांना सलाम.

माझी भर छोटी. नौदलात वायरलेसवर होतो. आमच्या आधीच्या पिढीच्या ब्रिटिश पुस्तकांत कपॅसिटरचं (प्रभार साठवणाऱ्या भागाचं, लेडन जारच्याच वंशजाचं) माप फॅरडमध्ये नसून चक्क 'जार'मध्ये दिलेलं असे. ९०० जार म्हणजे १ मायक्रोफॅरड. एक जार साधारण १,१०० पिकोफॅरड. सुरुवातीच्या ठिणगीवाल्या ट्रान्समीटरांत खरोखरच लेडन बरण्या बसवलेल्या असत, त्यावरून हे माप पडलं. मार्कोनीच्या काळातली जहाजं दूरवर संदेश पाठवत होती ती या बरण्यांच्या जोरावर.

---

रानवारा

आपल्याकडे अगस्त्य संहितेत हे आधीच होतं ना? मातीच्या भांड्यात तांब्याचा पत्रा वगैरे.

---

शंकासुर

रानवारा, त्यात जे वर्णन सांगतात ते घटाचं आहे, म्हणजे रासायनिक सेलचं: तांबं, जस्त, मोरचूद. त्या श्लोकांचा काळ कोणता यावर वाद आहे, तो वेगळ्या धाग्यात घालू. इथला मुद्दा वेगळा आहे. सेल रासायनिक क्रियेने वीज निर्माण करतो, व्होल्ट कमी पण सतत. लेडन जार काहीच निर्माण करत नाही. घर्षणाने तयार झालेला प्रभार धरून ठेवतो आणि एका दमात सोडतो. व्होल्ट हजारोंनी, वेळ क्षणाचा. व्होल्टाचा सेल १८०० मध्ये आला तोपर्यंत जवळजवळ ५५ वर्षं विजेचा सगळा अभ्यास या बरण्यांवरच चालला.

---

कातळावरचा

रत्नागिरीकडच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळली आहे, म्हणून लिहितो. स्थितिक विजेचे प्रयोग जूनच्या पुस्तकात येतात आणि जूनमध्ये ते इथे होत नाहीत! हवा इतकी दमट, की काचेवर पाण्याचा न दिसणारा थर बसतो आणि प्रभार त्यावरून आतून बाहेर वाहून जातो. एबोनाइटचा दांडा कितीही घासा, कागदाचा कपटा हलत नाही. मुलांना वाटतं पुस्तकच खोटं.

लेडन जारच्या बाबतीत गळ्याकडचा, पत्रा नसलेला काचेचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. आतल्या पत्र्यापासून बाहेरच्या पत्र्यापर्यंत गळती होते ती तिथूनच. जुने कारागीर त्या भागाला लाखेचा मुलामा द्यायचे, कारण लाख ओल धरत नाही. आमच्याकडच्या बरणीचा मुलामा उडाला होता. सुताराकडून लाखेचं पॉलिश आणलं, गळा उन्हात तापवला, आतून-बाहेरून दोन हात दिले. बरणी प्रभार धरू लागली. तरी प्रयोग ठेवायचा तो डिसेंबर-जानेवारीत, सकाळी दहानंतर, आणि आधी बरणी उन्हात किंवा बल्बजवळ ठेवून.

विदर्भ-मराठवाड्यातल्या शिक्षकांना हा त्रास नाही, हेवा वाटतो त्यांचा.

---

अपर्णा_नगर

कातळावरचा, अगदी बरोबर. आमच्या नगरला थंडीत स्वेटर काढताना अंधारात चटचट ठिणग्या दिसतात.

अवांतर: यंत्र नसलं तर जार भारायला व्होल्टाचा इलेक्ट्रोफोरस उत्तम. मूळ कल्पना स्वीडनच्या विल्के याची, १७६२ मधली. व्होल्टाने १७७५ मध्ये ती सोयीची करून गाजवली. राळेची वडी घासून भारायची, वर दांडा असलेली धातूची तबकडी ठेवायची, तबकडीला क्षणभर बोट लावायचं, मग दांड्याला धरून उचलायची. तबकडी भारलेली मिळते. वडीवरचा प्रभार जवळजवळ तसाच राहतो, त्यामुळे हेच पुन्हा पुन्हा करून जार भरता येतो. आम्ही राळेऐवजी जुनी ग्रामोफोनची तबकडी वापरली, लोकरी मोज्याने घासून. वर केकचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा, त्याला मधोमध मेणबत्ती चिकटवून दांडा केला. कोरड्या हवेत ठिणगी स्पष्ट ऐकू येते.

---

रानवारा

घरी प्लॅस्टिकच्या बाटलीला फॉइल लावून केलं तर धोका किती? भाचा मागे लागलाय.

---

टीव्हीवाले_काका

एक लहान बाटली असेल तर झटका बसेल, हात झाडाल, तेवढंच. पण बाटल्या जोडत जायच्या नाहीत. भाच्याला हे आधी सांगा.

---

भौतिकवेडा

काकांच्या सांगण्याला आकडे जोडतो. लहान जार साधारण १ नॅनोफॅरडचा धरा. २०,००० व्होल्टला भारला तर ऊर्जा ०.२ जूल. काकांच्या पिक्चर ट्यूबमध्ये २ नॅनोफॅरड आणि २५,००० व्होल्ट धरले तर ०.६ जूलच्या आसपास. त्रास होतो, दचकून हात दुसरीकडे आपटतो, पण सुदृढ माणसाच्या जिवावर सहसा बेतत नाही. १० जूलच्या पुढे मात्र गोष्ट खरोखर धोक्याची, आणि मोठ्या बरण्या समांतर जोडल्या की तिथे पोचायला वेळ लागत नाही. हृदयाचा आजार किंवा पेसमेकर असलेल्यांनी यात हात घालूच नये.

फ्रँकलिनने डिसेंबर १७५० मध्ये दोन मोठ्या बरण्यांनी टर्की कोंबडा मारायचा बेत केला आणि धक्का स्वतःच खाल्ला. काही वेळ शुद्ध हरपली होती. ज्याला बरणी सगळ्यात चांगली कळत होती त्याची ही गत.

आता सावनीताईंचा मूळ प्रश्न. बराच वेळ बाजूला पडलाय.

फ्रँकलिनचा प्रयोग पुढे सुट्या भागांच्या जारने करून दाखवू लागले: धातूचा बाहेरचा पेला, त्यात काचेचा पेला, त्यात धातूचा आतला पेला. भारायचा, विद्युतरोधक आकड्याने आतला पेला काढायचा, काच उचलायची, दोन्ही धातू एकमेकांना लावायचे. ठिणगी नाही म्हणण्याइतकीच. पुन्हा जुळवायचं आणि बाहेरचा-आतला पत्रा जोडायचा: खणखणीत ठिणगी! प्रभार काचेत होता, असं दीडशे वर्षं मानलं गेलं.

१९२२ मध्ये अ‍ॅडनब्रुक याने हाच प्रयोग काचेऐवजी पॅराफिन मेणाचा पेला वापरून केला. आता उलटं झालं. सुटे केल्यावर प्रभार धातूवरच सापडला. मेणात नाही.

म्हणजे फरक काचेच्या पृष्ठभागाचा. काच हवेतली ओल धरते, तो पातळ थर वीज वाहतो. शिवाय आतला पेला वर ओढताना दोन पत्रे एकमेकांपासून लांब जातात, धारिता (प्रभार मावण्याची क्षमता) घटते, व्होल्टेज चढत जातं, आणि कडेच्या हवेतून प्रभार काचेवर फवारला जातो. म्हणून फ्रँकलिनला प्रभार काचेवर सापडला तो खराच होता, पण तो तिथे गेला भाग सुटे करताना. भरलेल्या, न हलवलेल्या जारमध्ये प्रभार असतो धातूच्या आतल्या, काचेला चिकटलेल्या पृष्ठभागांवर. पाण्याच्या बाटलीत पाणी हाच आतला धातू.

आणि तरीही फ्रँकलिनला मी हरवलेला मानत नाही. ऊर्जा असते ती दोन पत्र्यांमधल्या विद्युत क्षेत्रात, म्हणजे काचेतच. बरणी मोठी किंवा काच पातळ असली की जास्त का साठतं, याचं उत्तर काचेत शोधायला त्यानेच शिकवलं. बाटलीच हवी असं नाही हे पाहून त्याने काचेच्या सपाट तावदानांच्या दोन्ही बाजूंना शिशाचे पत्रे लावून बॅटरी केली होती. आजचा सपाट कपॅसिटर तिथेच तयार झाला.

---

शंकासुर

अ‍ॅडनब्रुकचं माहीत नव्हतं. जबरदस्त. पण काकांचा दुसरा 'टक्' राहिला. ट्यूबचे भाग कुणी सुटे केले नव्हते. मग तो प्रभार कुठून आला? म्हणजे थोडं काचेच्या आत जातंच की.

---

भौतिकवेडा

बरोबर पकडलंत. त्याला अवशिष्ट प्रभार म्हणतात आणि तो अठराव्या शतकातल्या लोकांनाही छळायचा. क्षेत्रात ठेवलेल्या काचेतले काही आयन आणि प्रभारांच्या जोड्या अगदी सावकाश सरकतात. तुम्ही पत्रे जोडून एकदम प्रभार काढलात तरी आतली मंडळी लगेच मूळ जागी येत नाहीत. सावकाश परतताना ती पत्र्यांवर पुन्हा व्होल्टेज उभं करतात. तेव्हा पत्र्यांवरचा प्रभार आणि काचेत सावकाश मुरलेला अंश, दोन्ही खरे. मुख्य वाटा पत्र्यांचा.

काकांची 'एकदा काढून थांबू नका' ही सवय म्हणूनच सोन्यासारखी आहे. मोठे कपॅसिटर आजही दोन टोकं तारेने जोडूनच गोदामात ठेवतात, याच कारणाने.

---

टीव्हीवाले_काका

इतकी वर्षं करत होतो, कारण आज कळलं. धन्यवाद रे बाबा.

---

मिहिर_डेल्फ्ट

भौतिकवेडा, प्रतिसाद संग्रही ठेवला. मेणाच्या पेल्याचा प्रयोग कुठल्या संग्रहालयात मांडलेला मी पाहिला नाही, सगळीकडे काचेचाच जार सुटा करून दाखवतात.

---

सावनी

सगळ्यांचे मनापासून आभार. काचेचा आणि मेणाचा असे दोन्ही पेले मुलांसमोर शेजारी ठेवून करायचं ठरवलंय, येत्या जानेवारीत. धातूचे पेले म्हणून स्टीलचे शंकूच्या आकाराचे दोन ग्लास घेईन, एक मोठा, एक लहान. मेणाचा पेला कसा ओतावा? साधं मेणबत्तीचं मेण चालेल का?

---

कातळावरचा

मेणबत्तीचं बहुतेक मेण पॅराफिनच असतं, रंगीत किंवा सुगंधी घेऊ नका. मोठ्या ग्लासाला आतून तेलाचं बोट फिरवा, मेण पाण्याच्या वाफेवर वितळवा, थेट आचेवर नको. थोडं ओतून तळ धरू द्या, मग लहान ग्लास मधोमध ठेवून बाजूने ओता. हळू ओता. हवेचा बुडबुडा राहिला तर ठिणगी तिथूनच मेण फोडून आरपार जाईल. वरची कड ग्लासांपेक्षा चांगली तीन-चार बोटं उंच ठेवा, त्यासाठी मोठ्या ग्लासाच्या तोंडाशी जाड कागदाची गळपट्टी गुंडाळून मग ओता. पूर्ण गार झाल्यावर लहान ग्लासात जरा कोमट पाणी घातलं की तो सुटून येतो. नंतर पुसून कोरडा करा.

आणि मेणाचा पेला उन्हात तापवायला ठेवू नका, तो नियम फक्त काचेला.

---

टीव्हीवाले_काका

आतला ग्लास उचलायला लागणारा आकडा लाकडाचा करू नका, दमट लाकूड वीज सोडतं. पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या, गरम करून टोक वाकवा. काढताना ग्लास सरळ वर ओढा, कडेला घासला तर तिथेच ठिणगी पडेल आणि मुलांना दाखवायला काही उरणार नाही.